सोळा

दिवाणावरच्या भिंतीला ओल आली,
साधारण कासवाच्या आकाराची.
वरचे कुरियन म्हणाले, आमच्याकडून नाही.
सोसायटी म्हणाली, बघू.
तोवर तिच्यावर टांगायला काहीतरी करावं म्हणून
मी नक्षी शोधत नेरूळभर हिंडू लागले.

घरात बसून सुचत नाही.
कोरा कागद समोर घेतला की हात
शाळेत शिकवलेली तीच कोयरी काढतो,
कोयरीच्या पोटात आणखी एक कोयरी.
म्हणून बाहेर. पिशवीत
साडीच्या खोक्यातले पातळ कागद,
मेणाचे खडू, शिवणाची टेप.

पहिले काही दिवस हावरटासारखे गेले.
इस्त्रीवाल्याच्या चादरीवरचे जळके त्रिकोण,
कांद्याच्या गोणीची लाल जाळी,
खाडीकाठच्या चिखलाला पडलेल्या भेगा,
ज्यातल्या एकीतून खेकडा डोकावला आणि नको म्हणून आत गेला.
सिडकोच्या जुन्या ग्रिलची सावली,
जी सव्वातीनला जिन्यावर तिरकी पडते
आणि साडेतीनला कुठे जाते कळत नाही.
सगळं उतरवून घेतलं. घरी आणून मांडलं
तर नुसता पसारा.

मग अठरा सेक्टरच्या वळणावर, शाळेच्या कुंपणालगत,
बिडाचं एक झाकण दिसलं.
दिसलं म्हणजे काय,
सतरा वर्षं चपला घासत जाते मी त्याच्यावरून.
मधे गोल, भोवती पाकळ्या, पाकळ्यांच्या टोकांना भोकं.
मांडी घालता येईना, गुडघ्यामुळे.
तशीच ओणवी झाले, कागद पसरला,
खडू आडवा धरून घासू लागले.
पाकळी वर येऊ लागली, दूध तापताना साय येते तशी.
एक रिक्षा हळू झाली.
क्लासला निघालेली पोरं म्हणाली,
काकू, काही पडलं का आत?

अंकुश मात्र थांबला. महापालिकेचा झाडू कुंपणाला टेकवला.
"हे नका घेऊ," म्हणाला,
"दत्तमंदिरामागचं घ्या. त्याच्या पाकळ्या भरीव आहेत.
ह्याच्या गेल्या झिजून."
मला हसू आलं. तुम्हाला कसं माहीत?
"बारा वर्षं उघडत होतो, ताई."

कागदाच्या उडत्या कोपऱ्यावर त्यानं एक खडा ठेवला.
"खालून निराळंच दिसतं.
आम्ही उतरलो की वरचा गडी झाकण ओढून घ्यायचा,
पोरंबिरं पडू नयेत म्हणून.
मग ह्या भोकांतून उजेड यायचा.
अंगावर, घमेल्यात, त्या पाण्यावरसुद्धा.
मी मोजायचो.
सोळा आले की समजायचं, डोकं ठिकाणावर आहे.
कमी आले की दोरी हलवायची."
आणि झाडू उचलत,
"आता मशीन येतं."
दोन पावलं गेल्यावर,
"येतं कधी कधी."

चहा विचारायचा राहिला.
म्हणजे सुचला, पण तो वळणापलीकडे गेल्यावर.

तो ठसा मी भिंतीवर लावला नाही.
तुपाचा रिकामा डबा घेतला, पाणी भरून
रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला,
आत बर्फ असला की ठोकताना पत्रा चेपत नाही.
सकाळी ठसा तळावर चिकटवून
खिळ्यानं भोकं पाडली.
नववं जरा बाजूला गेलं. राहू दिलं.
बर्फ बेसिनमध्ये वितळला,
डबा पुसला, आत बल्ब सोडला,
पंख्याशेजारच्या हुकाला टांगला.

रात्री बाकीचे दिवे घालवून त्याच्याखाली बसले.
दिवाणावर पडले, गुडघ्यावर पडले,
दोन कासवाच्या पाठीवर.
मोजले तर पंधरा.
जागची हलले, पुन्हा मोजले.
सोळावा माझ्याच केसांत होता,
हात वर केला तेव्हा तळव्यावर आला.

वर कुरियनांनी मोरीत बादली ओतली.
पाणी भिंतीतल्या पाइपातून
माझ्या मजल्यावरून गेलं,
खालच्या मजल्यावरून गेलं.
मी ऐकत राहिले,
अजून खाली जात होतं.