नवव्या सेकंदाला

नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे नोव्हेंबरातच
शाईची बाटली शेगडीजवळ ठेवावी लागते,
त्या शाळेत मी तपासणीला गेलो.
शेवटचा बाक. कोट अंगातच, गुडघे छातीशी,
मांडीवर छापील तक्ता :
पाठाची गती, फळ्याचा वापर, वर्गाची शिस्त.
एकवीस वर्षांत या चौकटी
मी न बघता भरायला शिकलो होतो.

सालकिन एजेंनी गणित घातलं.
अठ्ठेचाळीस मेंढ्या. चौथा हिस्सा विकला. उरल्या किती?
आणि गप्प उभ्या राहिल्या.

मला वाटलं, विसरल्या.
मग वाटलं, मला पाहून बिचकल्या.
पहिल्या बाकावरच्या मीरिमचा हात केव्हाच वर,
बोटं अशी ताणलेली, जणू छतालाच खाज सुटलीय.
बाईंनी तिच्याकडे पाहून फक्त पापण्या मिटल्या :
कळलं. थांब.

मी घड्याळ पाहिलं. सवयच ती.
तीन. चार.
शेगडीत कोळसा तडकला.
पाच.
आमच्या मास्तरांनी एवढ्यात
तिघांचे कान पिळून, उत्तर स्वतःच सांगून,
पुढचं गणित अर्धं फळ्यावर लिहिलं असतं.
हुशारी म्हणजे वेग, असं आम्हाला वाटायचं.
मला अजून वाटतं, खरं तर.
सहा.
सहाव्या सेकंदाची शांतता अंगावर येते.
नुसतं बसवत नाही; माणूस खाकरतो,
पेनाचं टोपण काढतो, लावतो.
तक्त्यात मी लिहिलं : संथ.

आठ, नऊ,
आणि खिडकीकडच्या रांगेतून,
ज्याच्या नावापुढे गेल्या वर्षी मीच
'मंद' असा शेरा मारला होता,
तो बायेल उठला.
"चौतीस."

वर्ग फिसकन हसला.
बाई हसल्या नाहीत. चूक म्हणाल्या नाहीत, बरोबरही नाही.
फळ्यावर नीट, ठळक, ३४ लिहिलं.
"इथवर कोणत्या वाटेनं आलास?"

"निम्मे केले, चोवीस.
पुन्हा निम्मे, चौदा. मग अठ्ठेचाळिसातून..."
इथे तो अडखळला.
मी पाहिलं ते. बोलता बोलता स्वतःचाच आवाज
त्याच्या कानावर पडला,
रिकाम्या तंबूत कोणी दुसऱ्यानंच बोलावं तसा.
"बारा," तो म्हणाला. "बारा, एजे. म्हणजे छत्तीस."

"चौतीस पुसू?" मीरिम लगेच उठली.
"राहू दे आजच्या दिवस.
वाट तिथूनच गेली."

मधल्या सुट्टीत मिठाचा चहा पिताना
मी विचारलं, हे कुठे शिकलात?
बिश्केकला, त्या म्हणाल्या, तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं.
बाकी सगळं विसरले. एवढंच लक्षात राहिलं,
की प्रश्न विचारून आपण
एक सेकंदसुद्धा थांबत नाही.
आणि जमतंच असं नाही हो.
ती कोपऱ्यातली नुरिला,
वीस सेकंद थांबलं तरी मूग गिळून बसते.
तिच्यासाठी काय करायचं, अजून सापडलेलं नाही.
असं म्हणून त्यांनी पेल्यात फुंकर मारली
आणि बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

'संथ' मी खोडलं नाही.
त्याच्या पुढे काय लिहावं, तेही सुचेना.

परतीला गाडीवर तोकोन. दहा वर्षं तोच.
मी विचारतो, थंडी फार ना आज?
आणि मीच म्हणतो, फार.
घाट लागला तेव्हा विचारलं :
मुलगी कशी आहे रे तुझी, रशियाला गेलेली?
'बरी असेल' हे शब्द ओठांवर आले होते,
ते दाताखाली धरले.
एक वळण. दुसरं.
समोरून मेंढ्यांचा ट्रक गेला, लोकरीचा वास सोडून.
घड्याळाकडे पाहिलं नाही.
तिसऱ्या वळणावर त्यानं गिअर बदलला
आणि घसा साफ केला.