लोखंडापासून लांब

पूर्णगडच्या सड्यावर, आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये
पेट्यांचा हंगाम संपला की विमानाचा सुरू होतो.
पेंढा एका भिंतीला, पंख दुसऱ्या,
मधे मी, आणि शिडी धरून बाबू गोताड.

एक डबी बसवायची राहिली आहे,
काड्यापेटीएवढी. मॅग्नेटोमीटर.
तिला उत्तर कळते, तेवढंच तिचं काम.
पण शेजारी काय ठेवलंय तेही कळतं,
ही तिची अडचण.

तेवीस वर्षं जहाजांवर वायरी ओढल्या मी.
बंदराबाहेर जहाज सावकाश गोल फिरवायचे
आणि चष्मेवाला एक म्हातारा पेन्सिलीने तक्ता भरायचा:
पूर्वेला दीड अंश खोटं, नैर्ऋत्येला तीन.
लोखंडाच्या पोटात बसून खरं कोण बोलणार,
म्हणून खोटं मोजून भिंतीला लावायचं.

विमानात निदान जागा निवडता येते.

वडिलांच्या होडीतलं होकायंत्र काढलं,
तेलात तरंगणारं, आत एक म्हातारा बुडबुडा.
पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरतो
तसा फिरलो विमानभर, कुठे वाकून, कुठे रांगत.

सीटमागे: पेट्रोलचा पंप लावला, सुई आठ अंश पळाली.
फळीखाली: रडरची तार पोलादी,
पाय हलला की सुई हलते,
मी वळायच्या आधी ती वळून मोकळी.
शेपटीत बरं वाटलं. मग दिवा लावून पाहिला.
दिवा लुकलुकला, सुईही.

उरलं उजव्या पंखाचं टोक.
ना मोटर, ना पोलाद, नुसतं फायबर,
मिरकरवाड्यात निजाम वस्ताने
होडीच्या साच्याशेजारी ओतून दिलेलं.
तरी सुई चार अंश बाजूला.
कधी सहा. कधी काहीच नाही.

तीन दिवस गेले.
जांभ्याला दोष दिला, त्याच्या अंगात लोह.
पत्र्याला दिला, खांबांना दिला.
चौघांनी ढकलत विमान उघड्या कातळावर नेलं,
तिथेही तेच.
गावखडीच्या पुळणीतली काळी वाळू आठवली,
लहानपणी चुंबकाला दाढी फुटायची तिने.
चाकं धुतली. हात धुतले, नखंसुद्धा.

दुपारी बाबू जेवायला गेला
आणि सुई उभी राहिली.
वारा होता, ती हलली नाही.

तो परत आला, ती त्याच्याकडे वळली,
ओळखीचं माणूस दिसल्यावर कुत्रं वळतं तशी.
"बाबू, मागे हो."
झाला.
"आता पुढे ये."
"काय झाला, भाव?"

कमरेला आकडी, आकडीत कोयती,
पोफळीवर चढायला लागल्यापासूनची.
झोपताना काढतो, एरवी नाही.
मी काही बोललो नाही. त्याने स्वतःच मागे हात नेला,
आकडी सोडली, लांब गडग्यावर ठेवून आला,
आणि मग हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.
शिडी धरली त्याने, मी चढलेला नसताना.

पंखाच्या टोकातच बसवली डबी,
एलेरॉनच्या सांध्यापासून दोन हात बाहेर.
दिव्याच्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळल्या,
जाणाऱ्या विजेने येणारीला गप्प करावं म्हणून.
स्क्रू पितळी, होडीचे, वडिलांच्या डब्यातले,
हिरवे पडले होते, चिंचेने घासले बाबूने.

तक्ता तरीही केला. सवय.
विमान कातळावर तीस-तीस अंशांनी फिरवलं,
चौघांनी, पायात काही न घालता,
कारण एकाच्या चपलेला खिळे होते.
उत्तर, शून्य. पूर्व, शून्य.
दक्षिणेला अर्धा अंश.

बाबू वाकून बघत होता.
"यो अर्धा कुनाचा?"
गडग्यावर कोयती उन्हात चमकत होती, पुष्कळ लांब.
"माहीत नाही," म्हटलं,
आणि लिहिला. पेन्सिलीने.