पाकिटावरचं तिकीट

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या ऑफिसात
ही तिसरी रात्र.
भट्टीचं तापमान पडद्यावर येईना झालंय,
मालकांचा फोन तेवढा दर अर्ध्या तासाला येतो.

केबल बदलली.
स्विच झोपवला, उठवला.
कार्डावर बसलेली साच्याची काळी वाळू
फुंकून काढली.
इराण्णा शेडमधून ओरडतो, "बंतु काय?"
अर्धं त्याचं, अर्धं माझं.
"नाही की. बर्तिल्ल."

पॅकेटं येतात तशी, ढिगानं.
कॅप्चर लावून बसलोय,
ओळीवर ओळ सरकते,
पण कुठलं भट्टीकडचं, कुठलं हिशेबाच्या खोलीतलं
कळायला खूण नाही.
वीस नंबर नाही, तीस नंबर नाही.
स्विच शपथेवर सांगतो,
मी चिकटवून पाठवलेत.

पहाटे अडीचला मामा आठवला.
खानापूरचा दौलतमामा, तिकिटं जमवायचा.
पोस्टमन पाकीट आधी त्याच्या हातात द्यायचा
आणि आम्हाला मिळायचं ते
कोपरा कापलेलं, अर्धा शिक्का गेलेलं.
आतला मजकूर शाबूत.
"वाचा की, तुमचं काय गेलं?"
आई त्या चौकोनी भोकातून बोट काढून दाखवायची:
कुठून आलंय, तेवढं गेलं.

ड्रायव्हरची सेटिंगं उघडली.
एक ओळ, चालू.
पाकीट आलं की कार्ड वरचा नंबर सोलून घेतं,
मगच आत देतं.
मदत म्हणून.
कॅप्चरला दिसतं ते मदत झाल्यानंतरचं.

खोटं कुणीच बोलत नव्हतं.

ती ओळ बंद केली.
कार्ड क्षणभर मेलं, परत उठलं,
आणि नंबर यायला लागले. वीस, वीस, वीस,
मधेच भट्टीचं एक,
त्याच्याही कपाळावर वीस.
तीस पाहिजे होतं.
सोमवारी झाडताना निसटलेली वायर
कुणीतरी शेजारच्या भोकात खोचलेली.

चौदाशे अठरा, पडद्यावर.
"बंतु!" आता मी ओरडलो.

मालकांना म्हटलं, वायर होती.
बाकीचं सांगून काय करणार.

मामाची वही आता माझ्याकडे असते.
एका तिकिटावर कात्रीतून वाचलेला शिक्का,
'बेळ' एवढाच.
पुढची अक्षरं पाकिटावर राहिली,
आणि पाकीट
कुणी ठेवलं नाही.