पीएल

बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात काढली,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात.
माझं इंग्रजी तेवढंच: इन, आउट, लेट,
आणि पीएल.

काल सिरीषाचा पुण्याहून फोन.
कॉलेजात लिहायला सांगितलंय म्हणे,
तुमचं प्रिव्हिलेज काय, पाचशे शब्दांत.
"नाना, मराठीत काय म्हणायचं याला?"
मी म्हटलं, सोपंय की. हक्काची रजा.

हसली. मग म्हणाली, "हक्क नव्हे, उलटं.
जे न मागता मिळतं
आणि मिळालंय हेही कळत नाही, ते."

न मागता?
वीस दिवस भरले की एक दिवस,
अर्ज दोन प्रतींत,
वर साहेबाची सही, ती पण मूड बघून.
आणि पेपरात नाही का येत,
आमदाराला कुणी वाकडं बोललं की हक्कभंग?
"तो पण हाच शब्द," ती म्हणाली.

म्हणजे तिकडून निघताना खास सवलत,
आपल्या वेशीत शिरेपर्यंत हक्क.
कुणी केलं असेल हे भाषांतर?
असणार कुणीतरी माझ्यासारखाच कारकून,
ज्याची रजा शिल्लक होती.

निरोपाच्या दिवशी मॅनेजर माईकवर म्हणाले,
इट इज माय प्रिव्हिलेज.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.
शिल्लक पीएलचे पैसे झाले,
त्यातून हिची पहिल्या वर्षाची फी.
हे तिला सांगितलं नव्हतं कधी.
सांगितलं.

पलीकडे बराच वेळ पंख्याचा आवाज.

मग मला राजव्वा आठवली.
टॉवेलाच्या कडा शिवायची, नगावर.
नवरा सिव्हिलला होता तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली,
"मला पण ते पीएल टाका की ओ."
मी रजिस्टर उलटं करून दाखवलं,
बघ, तुझं नाव ठेकेदाराच्या वहीत, इथं रकानाच नाही.
"मग बिनपगारी टाका. पण कागदावर टाका."
मी चांगलं बोललो तिच्याशी.
पाणी पण दिलं प्यायला.
खिडकीतून.
तिनं ग्लास विसळून परत ठेवला.
आठ दिवसांनी आली, कपाळ मोकळं,
आणि मशीनवर बसली.

"हे लिहू?" सिरीषा म्हणाली.
लिही.
"आडनाव काय त्यांचं? स्पेलिंग सांगा."

साडेचारशे माणसांची आडनावं मला पाठ,
गज्जम, मेरगू, संदुपटला, बिराजदार,
कुणाचे दोन एल, कुणाचा एकच,
आजही झोपेत सांगीन.

तेवढ्यात खालून बायको ओरडली,
पाणी आलंय, पाचव्या दिवशी आलंय,
मोटार लावा आधी, बोलत काय बसलाव.

म्हटलं, थांब बाळ, हुडकून सांगतो.
हुडकणार कुठल्या वहीत, ते तिनं विचारलं नाही.