वाढत्या अंगाचा

येऊरच्या उतारावर बंद पडलेली आश्रमशाळा.
कौलं कुणी नेली, फळा भिंतीतच राहिला.
मैदान पन्नास बाय तीस, दर अर्ध्या मीटरवर दोरी.
मी यंत्र ढकलते: चार चाकं, एक दांडी, एक पडदा.
घोडबंदरच्या टॉवरांत जन्मभर परक्यांची पोरं सांभाळलेली
बारकी घाटाळ कट्ट्यावरून म्हणते,
"ही तर बाबागाडी."

एरवी मी घणसोलीत रस्त्याखालच्या केबली शोधते,
गॅसचे पाइप. त्यांचे नकाशे चुकीचे असतात,
पण असतात.

रडारला हाडं दिसत नाहीत.
हे मी पाड्यावर सांगितलं, वकीलबाईंना सांगितलं,
बारकीला तीनदा.
त्याला दिसतं माती कुठे उघडली होती
आणि परत लोटताना थर सांधायचे राहून गेले.
पडद्यावर उमटते भुवईएवढी कमान, बस.
कमान दगडाचीही असते.
पहिल्या दिवशीच्या सातांतल्या चार
एकाच जांभळाच्या मुळ्या निघाल्या,
एक बोअरिंगचा गंजका पाइप.
ओली चिकणमाती तर लाट गिळूनच टाकते,
म्हणून मार्चपर्यंत थांबलो.

हजेरीपट: देवल्या घाटाळ, इयत्ता दुसरी.
अकरा जुलैपर्यंत हजर.
पुढे आडवी लाल रेघ, रेघेवर एक शब्द,
पळाला.
त्या पावसाळ्यात पाच जण पळाले,
एकाच अक्षरात, एकाच शाईत.
"ओढ्याला कमरेभर पाणी," बारकी म्हणते,
"त्यातून पळाला, अन् घरी नाय आला?"
ती तेव्हा चौथीत.
त्या कोपऱ्यात लगोरी मांडली की
गुरुजी छडी घेऊन येत, एवढं तिला आठवतं.

रेघ एकोणीस, वीस, एकवीस.
खोली सत्तर सेंटिमीटर. तिन्हींवर तोच तुटलेला थर,
लांबी एकशे वीस.
लांबून पाहिलं तर खात्री.
जवळ गेलं की राखाडी ठिपके.
रात्री कोपरखैरण्याच्या घरी मी वेग पुन्हा बसवते;
वेग चुकला की खोली चुकते,
आणि मला हवं ते दिसायला लागलंय
याची भीती वाटते.

दुसरी वही बारकीनं पदरातून काढली.
माजिवड्याच्या शिंप्याच्या नातवाकडे सापडलेली,
त्या वर्षीच्या गणवेशांची मापं.
चष्मा नाही म्हणून वाचायला मला दिली.
देवल्या. उंची साडेतीन फूट. छाती बावीस.
शेरा: वाढत्या अंगाचा शिवणे.

साडेतीन फूट म्हणजे एकशे सात.
उरतात तेरा.
"खड्डा थोडा मोठाच खणतात," मी म्हणाले,
आणि काय बोलले ते मलाच ऐकू आलं.
बारकी म्हणाली, "तो शेरा परत वाच."

अहवालात एक रकाना असतो, खात्री:
जास्त, मध्यम, कमी.
मी मध्यम लिहिते, खोडते, मध्यम लिहिते.
उकरायचं की नाही ते कोर्ट ठरवेल.
चार खुंट्या, लाल फीत,
फितीवर आत्ताच मुंगळे चढलेत.

सामान आवरताना ती म्हणते, विसाव्या रेघेवरून
एकदा ने ना गाडी.
नवीन काही दिसणार नाही, मी सांगते.
"ने."
मी पडदा बंद ठेवते.
ती शेजारून चालते, एक हात दांडीवर,
आणि खुंटीपाशी वळताना म्हणते,
हळू.