बारा मिलिमीटर

बायामोनच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याला लागून,
मी फाटके स्पीकर शिवतो. शिवतो म्हणजे
जुना शंकू सोलून काढतो, नवा डकवतो,
फटीत कागदाच्या पट्ट्या खोचून
कॉइल सरळ उभी राहीपर्यंत श्वास धरतो.
केसाएवढी फट. तेवढ्यावर घर चालतं.

यारिएल आला भर दुपारी.
त्र्याण्णवची टोयोटा, मागची सीट उपटलेली,
तिथे पेटी, पेटीत दोन पंधरा इंची,
आणि डिकीचं झाकण मिटत नाही म्हणून दोरी.
"दोन्ही गेले," म्हणाला. "का, तेच कळत नाही."

मला वासावरूनच कळलं होतं.
करपलेली साखर, त्यात जळका केस.

शंकू उलटा केला. आतून नाणी,
पंचवीस सेंटांची, एपॉक्सीने गोल बसवलेली,
एखाद्या नवसासारखी.
"वजन वाढवलं तर सूर खाली उतरतो ना?"
उतरतो, बाबा. जड माणूसही जिना उतरतो.
वर यायचं कुणी?

बारा मिलिमीटर. एवढंच अंगण तिला,
बारा पुढे, बारा मागे.
त्यापलीकडे चुंबकाचा हात सुटतो
आणि मग धावणारीला
थांब म्हणणारं कुणी उरत नाही, भिंतीशिवाय.

शिवाय तू वायरी एक ओहमवर बांधल्यास,
अँपचं बटण शेवटापर्यंत पिळलंस.
लाटेचा माथा छाटला गेला, लाटेची पायरी झाली.
हलत असते तोवर कॉइलला तिचाच वारा लागतो,
पायरीवर ती नुसती उभी राहते, आणि भाजते.
अति तिथे माती म्हणतात.
मातीत निदान काही उगवतं.

"मग किती चालेल?"
सगळे हेच विचारतात. मीही विचारलं होतं
विल्फ्रेदोला. त्याला फ्यूज म्हणजे अडवणूक वाटायची.
त्याची व्हॅन आरेसिबोच्या पार्किंगमध्ये जळली,
तो बाहेर होता, चिप्स आणायला गेलेला,
म्हणून आज पोरांना ही गोष्ट हसत सांगता येते.
माझी काच तडकली त्याच दिवशी,
एकशे अठ्ठेचाळीस डेसिबल, आणि लोकांनी
मला खांद्यावर घेतलं.
ती ट्रॉफी हल्ली दाराला अटकाव म्हणून.

रात्री घरामागे कोकी ओरडतात,
अंगठ्याच्या पेराएवढे बेडूक.
दोन अक्षरं त्यांची. को, मग की.
पहिलं इतर नरांना: ही जागा माझी, सरक.
दुसरं मादीला. ये की.
नेरेइदा म्हणते, आज किती माजलेत!
मी मान हलवतो.
वरचा सूर माझ्याकडून कधी गेला, तारीख नाही.
काच तडकली तशी काही तडकल्याचा आवाज झाला नाही.
एकोणीस वर्षं मला नुसतं को येतं.
अख्ख्या झाडभर दटावणी,
आणि बोलावणं कुणाचंच नाही.
कधीकधी अंधारात ती माझ्या मनगटावर बोट टेकवते,
टेकवते, उचलते, टेकवते.
मी मोजत नाही.

हे त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं बहुधा.
नाणी पात्याने खरवडून काढली,
दोन्ही शंकूंची मिळून सव्वीस,
साडेसहा डॉलर त्याच्या हातावर ठेवले.
मूळ वजनाचा शंकू बसवेन, म्हटलं, आणि फ्यूज लाव.
तो काहीतरी बोलला. दाराकडे तोंड होतं त्याचं,
शेवटचा शब्द मला लागला नाही.
शनिवार, म्हटलं अंदाजाने.

गाडी गेली.
दोरी सैल, झाकण प्रत्येक खड्ड्याला आपटत,
धप, धप, कोपऱ्यापर्यंत.
ते मात्र अगदी नीट ऐकू आलं.