पासंग

डब्यात एकशे अकरा ग्रॅम.
दहा नाही, बारा नाही.

ऊशियाला काटा लागत नाही.
एकोणीस वर्षांत
तिच्या तळव्यालाच आकडे फुटलेत.
शिंपल्या मोठ्या असल्या तर नऊ,
बारक्या असल्या तर तेरा,
वरची एक जरा पाठ वळवून, दिसायला छान.
बोलताबोलता भरते ती,
मुलीच्या वाकड्या दाताबद्दल,
खाडीतल्या तराफ्यांवर या वर्षी माल कसा रोडावलाय त्याबद्दल,
आणि हात आपले चाललेले असतात,
तिच्या नकळत, पण तिचेच.

गॅलिसियाच्या या किनाऱ्यावर
डबे भरतात ते बायकाच.
डबे बंद करणारं यंत्र चालवतात ते पुरुष.
असं कुणी ठरवलं, विचारायचं नसतं.
आजीच्या वेळेपासून आहे म्हणे.

ब्राइस मार्चमध्ये लागला.
तीन आठवडे ऊशियाच्या शेजारी उभा.
झाकण खोटं बसलं की आवाज कसा बोदा येतो,
सिरका कधी कमी पडतो,
पट्टा अडला की आधी कुठे हात घालायचा नाही,
सगळं तिनंच शिकवलं.
पोरगा वाईट नव्हता.
घरची लिंबं आणायचा तिच्यासाठी, पिशवीभर.

एप्रन धुवायला टाकण्याआधी
सगळ्यांचे खिसे तपासायचे,
हे काम कुणी कुणाला दिलेलं नाही,
तरी बायकाच करतात.
ब्राइसच्या खिशात पगाराची चिठ्ठी निघाली,
चार घड्या घातलेली, दमट.

दोनशे चौदा युरो जास्त.

ऊशियानं वजाबाकी पुन्हा केली.
मग माझ्याकडून करून घेतली, मग साबेलाकडून.
उत्तर तेच येत राहिलं.
एकोणीस वर्षांचा हातचा
कुणीतरी आपल्या हातातच ठेवला होता.

लेस्तोनसाहेब शांतपणे म्हणाले,
तो ऑपरेटर, तुम्ही पॅकर.
हुद्दाच वेगळा, बाई.

दोमितिलाचा बाप बाजारात मासळी विकायचा.
तिनं सांगितलं,
त्याच्या तागडीच्या एका पारड्याखाली
बोटभर मेण चिकटवलेलं असायचं.
तागडी अगदी सरळ दिसायची.
गिऱ्हाईक वाकून बघायचं, आणि पैसे द्यायचं.
"हुद्दा म्हणजे तेच मेण," ती म्हणाली,
आणि नाक पुसलं बाहीला.

मग आम्ही हुद्द्याचा कागद मागवला.
लिहिलं होतं : हाताने भरणे.
अंदाज घेणे, असं कुठेही नव्हतं.

मंगळवारी सकाळी सहाला
बेचाळीस जणी काट्यापुढे रांगेत.
काटा एकच, कोपऱ्यातला, पावडर लागलेला.
एकेक डबा ठेवायचा, वाचायचं, उचलायचा.
ऊशियानंही ठेवला.
एकशे अकरा.
दुसरा. एकशे अकरा.
तिसरा.
ती दर वेळी आकडा मोठ्यानं वाचत होती,
चष्मा विसरलेल्या माणसाला
कुणी पत्र वाचून दाखवावं तसं.

मागे वाफाळलेल्या शिंपल्यांचा ढीग वाढत गेला.
यंत्राला बंद करायला डबाच नाही.
ब्राइस आला आणि रांगेच्या शेपटाला उभा राहिला,
रिकाम्या हातांनी.
तू कशाला, साबेलानं विचारलं.
त्याला उत्तर सुचलं नाही.
खिशातून चिठ्ठी काढून
त्यानं सूचनांच्या फळ्यावर लावली, स्वतःच्या नावासकट,
आणि कान लाल करून परत रांगेत आला.

गुरुवारी विगोहून तीन नवे काटे आले.
डिजिटल.
पगार नाही आला.
वकीलबाई म्हणतात, तारीख फेब्रुवारीत पडेल,
फेब्रुवारीत म्हणजे एखाद्या फेब्रुवारीत.

त्या रात्री पाळी सुटल्यावर
ऊशिया मागे थांबली.
नव्या काट्यावर तिनं फळ्यावरची चिठ्ठी ठेवली,
चार ग्रॅम.
मग आपली.
चार ग्रॅम.

काटा चांगलाय, म्हणाली,
आणि दिवा मालवला.